अस्पर्शित डोंगर आणि पाण्याचे टाके

गेली चार-पाच वर्षे मराठी वृत्तपत्रांच्या रविवार पुरवण्यांतून आणि दिवाळी अंकांतून एका विशिष्ट प्रकारचे लेखन सातत्याने प्रसिद्ध होत आहे. २०२० च्या टाळेबंदीत घरी बसून काम करता येते हे संगणकाच्या नोकरदारांना कळले आणि पुण्या-मुंबईतला एक सुस्थित वर्ग डोंगराकडे निघाला. आठवड्याच्या सुटीपुरता नव्हे, तर राहायलाच. महाबळेश्वर-लोणावळ्याला गर्दी फार, म्हणून त्यांच्या आसपासचे कमी गजबजलेले गाव शोधायचे. सकाळी डोंगर चढायचा, दुपारी काम करायचे, रविवारी पॅराग्लायडिंग करायचे. मग एक लेख लिहायचा. ह्या लेखांचा आराखडा आता इतका पक्का झाला आहे की पहिला परिच्छेद वाचून शेवटचा सांगता येतो. आरंभी शहरातली वाहतुकीची कोंडी, मग एका रात्रीत घेतलेला निर्णय, मग पहिल्या पहाटेचे धुके. मध्यावर एक म्हातारा गुराखी किंवा चुलीपुढची एक आजी. तिच्या हातची भाकरी. शेवटी 'खरी श्रीमंती' कशाला म्हणतात याचा साक्षात्कार. गुराख्याला नाव असते, आडनाव नसते. आजीला तर नावही नसते.

हे लेखन वाङ्मयीन दृष्ट्या किरकोळ आहे, त्याची समीक्षा कशाला करायची, असे कोणी म्हणेल. परंतु किरकोळ लेखनातच एखाद्या वर्गाची भाषा सर्वांत मोकळेपणाने बोलत असते. आणि दुसरे कारण खासगी आहे. ज्या गावांविषयी हे लिहिले जाते त्यांपैकी एका गावाच्या पायथ्याशी माझे घराणे राहिले. पसरणीचा घाट वाईहून पाचगणीला चढतो. त्या घाटाच्या दुरुस्तीला माझी आजी खडी फोडायला होती आणि पावसाळ्यानंतर गवताचे भारे घेऊन ती वर बंगल्यांवर जात असे. त्याच पाचगणीत माझा मुलगा २०२१ साली राहायला गेला. त्याला डोंगराचे वेड आहे. तेव्हा मी जे लिहितो आहे ते तटस्थपणे लिहितो आहे असा आव मी आणणार नाही.

प्रथम एका शब्दाकडे पाहू. ह्या लेखांत आणि त्यांच्या शेजारी छापलेल्या भूखंडांच्या जाहिरातींत एक विशेषण हमखास येते : 'अस्पर्शित'. अस्पर्शित निसर्ग, अस्पर्शित दऱ्या, अस्पर्शित गाव. इंग्रजीतून उचललेला हा शब्द मराठीत वापरताना लिहिणाऱ्याची जीभ क्षणभरही अडखळत नाही, याचे मला नवल वाटते. ज्या भाषेत स्पर्श न करण्याजोग्या माणसासाठी एक शब्द शतकानुशतके राबवला गेला, त्याच भाषेत त्याच धातूपासून बनलेला दुसरा शब्द आता डोंगराचे भूषण म्हणून वापरला जातो. माणूस अस्पृश्य असेल तर तो दूर ठेवायचा आणि डोंगर अस्पर्शित असेल तर तो विकत घ्यायचा. बरे, डोंगर अस्पर्शित तरी कुठे असतो? त्यावर कोणी गुरे चारलेली असतात, कोणी मोळ्या आणलेल्या असतात, कोणी करवंदे आणि मध काढलेला असतो, कोणी घाटाचे दगड फोडलेले असतात. ज्यांचे हात लागले त्यांच्या हातांची गणती स्पर्शात होत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

'शोध' हा दुसरा शब्द. माथेरानचा शोध १८५० साली ठाण्याचा कलेक्टर मॅलेट याने लावला असे आम्हाला शाळेत शिकवले गेले. वर धनगर, ठाकर, कातकरी यांचे येणेजाणे होतेच, पण ते शोध लावायला जात नव्हते, पोट भरायला जात होते. महाबळेश्वरला १८२८ च्या सुमारास गव्हर्नर माल्कमने वस्ती वसवली, तिला स्वतःचे नाव दिले, आणि तिथले रस्ते व भाजीमळे करण्यासाठी चिनी कैदी आणून राबवले. पाचगणीत चेसन नावाच्या इंग्रजाने परदेशी झाडे लावली. आज ज्यांच्या सावलीत छायाचित्रे काढतात ते सिल्व्हर ओक ऑस्ट्रेलियाहून आलेले आहेत. म्हणजे ज्याला 'निसर्गाच्या कुशीत' म्हणतात ती कूस दीडशे वर्षांपूर्वी साहेबाने शिवून घेतलेली आहे. टेबललँडच्या पोटात एक गुहा आहे. आपल्या लोकांनी तिथे पांडवांना राहायला ठेवले, साहेबाने तिला सैतानाचे स्वयंपाकघर म्हटले. खाली वाईजवळ लोहाऱ्याला बौद्ध लेणी आहेत, त्यांची वाट मात्र पाटीवर सापडत नाही.

ह्या लेखकांचा आवडता आधार थोरो असतो. दुर्गाबाई भागवतांनी 'वॉल्डन' मराठीत आणले, त्यालाही आता साठ वर्षे होत आली. थोरो १८४५ साली तळ्याकाठी राहायला गेला, त्याने स्वतःच्या हाताने झोपडी बांधली, एवढे सर्वांना पाठ असते. पण त्याच पुस्तकात एक प्रकरण आहे, त्यात तो आपल्या आधी त्या रानात कोण राहत होते याचा हिशेब मांडतो. कॅटो इंग्रॅहम, झिल्फा, ब्रिस्टर फ्रीमन. हे सारे गुलामगिरीतून आलेले काळे लोक. गावात त्यांना जागा नव्हती म्हणून ते रानाच्या कडेला राहिले आणि तिथून नाहीसे झाले. थोरो त्यांच्या पडक्या तळघरांचे खड्डे दाखवतो, त्यांच्या नावांची नोंद करतो. एकान्त शोधायला गेलेल्या माणसाला तो एकान्त कोणाच्या हद्दपारीतून तयार झाला हे विचारावेसे वाटले. आमच्या मराठी थोरोंना आपल्या 'फार्महाऊस'च्या खालच्या अंगाला जी वस्ती आहे ती तिथेच का आहे, हा प्रश्न पडत नाही.

आता मी माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. सहलीचे, सुटीचे, डोंगर-किल्ले पाहण्याचे लेखन दलित साहित्यात नाही, असे सामान्यतः मानले जाते. मला हे मान्य नाही. ते आहे, आणि त्याचा आरंभ खुद्द बाबासाहेबांपासून होतो. १९३५-३६ च्या सुमारास त्यांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' हे छोटे आत्मकथन लिहिले. ते पुस्तिकारूपाने १९९० साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीने प्रसिद्ध केले. त्यातले पहिले प्रकरण काय आहे? उन्हाळ्याच्या सुटीचा प्रवास. १९०१ साल, नऊ वर्षांचा भीमराव, भावंडे, नवे सदरे, जरीच्या टोप्या, साताऱ्याहून आगगाडी आणि मसूर स्टेशन. वडील तिकडे दुष्काळी कामावर होते, त्यांच्याकडे सुटी घालवायला मुले निघाली होती. स्टेशनमास्तरने जात विचारली आणि सुटी संपली. दुप्पट भाडे कबूल केल्यावर गाडीवान तयार झाला, तोही गाडी मुलांनीच हाकावी ह्या अटीवर. डब्यात भरपूर खायला होते, पण पाणी मिळाले नाही म्हणून ती मुले रात्रभर उपाशी राहिली.

दुसरा प्रसंग १९३४ चा. वेरूळची लेणी पाहायला निघालेली तीसेक कार्यकर्त्यांची तुकडी वाटेत देवगिरीचा, म्हणजे दौलताबादचा किल्ला पाहायला थांबली. धुळीने माखलेल्या ह्या लोकांनी दरवाजाबाहेरच्या हौदात हातपाय धुतले. रमजानचे दिवस होते. एक म्हातारा ओरडत आला की ह्यांनी हौद बाटवला. गर्दी जमली. बाबासाहेबांनी त्या जमावाला, हाच का तुमचा धर्म, अस्पृश्य उद्या मुसलमान झाला तर त्याला ह्या पाण्याला हात लावू देणार की नाही, असे विचारले तेव्हा कोणी बोलेना. शेवटी किल्ला पाहायची परवानगी मिळाली ती अशी की बरोबर एक हत्यारबंद शिपाई देण्यात आला. ह्या लोकांनी किल्ल्यात कुठे पाण्याला शिवू नये म्हणून.

एक सुटीचा प्रवास आणि एक किल्ल्याची सहल. दोन्ही ठिकाणी निसर्गवर्णन नाही. दौलताबादचा तो प्रचंड कातळ, तो खंदक, संध्याकाळची वेळ, ह्यांपैकी काहीही लेखकाने रंगवलेले नाही. त्याला सौंदर्यदृष्टी नव्हती म्हणून? ज्याने मुंबईत पुस्तकांसाठी घर बांधले, ज्याला व्हायोलिन शिकावेसे वाटले, त्या माणसाविषयी असे कोण म्हणेल? डोळा वर जाण्याआधी तो पाण्यावर खिळवला गेला, हे त्याचे कारण आहे. सवर्णांचे प्रवासवर्णन दृश्याभोवती फिरते आणि आमचे पाण्याभोवती फिरते, असे मी म्हणतो ते ह्या अर्थाने. दृश्य पाहायला परवानगी लागत नाही. पाणी प्यायला लागत असे.

ह्या दृष्टीने मराठीतले दुर्गभ्रमणाचे वाङ्मय पुन्हा वाचण्यासारखे आहे. गोनीदांपासून आजच्या पदभ्रमण-मार्गदर्शिकांपर्यंत प्रत्येक किल्ल्याच्या वर्णनात पाण्याच्या टाक्याचा उल्लेख येतो. बारमाही पाणी, थंडगार पाणी, अमृतासारखे पाणी. तो यायलाच हवा, कारण चढून आलेल्याला तहान लागते. पण ह्या टाक्यावर किल्ला नांदता असताना कोण ओंजळ लावू शकत होते, हा प्रश्न मला कुठल्या मार्गदर्शिकेत आढळला नाही. किल्ल्यांच्या घेऱ्यात, मेटांवर, माच्यांवर रामोशी, कोळी, महार पहाऱ्याला असत हे इतिहासकार सांगतात. म्हणजे गड राखणारा होता, त्याचे पाणी कुठले होते? डोंगरात 'वर' आणि 'खाली' ह्या नुसत्या दिशा नसतात. ओढ्याचा वरचा पाणवठा कोणाचा आणि खालचा कोणाचा, हे उतारानेच ठरवून दिलेले असे. वरच्यांनी वापरून सोडलेले पाणी खालच्या वाड्यात यायचे. सपाटीवरच्या गावात जात दिशांनी मोजत, डोंगरात ती उंचीने मोजत. सह्याद्रीच्या सौंदर्यावर लिहिलेल्या पानांमध्ये ह्या उंचीचे माप कुठे तरी यायला हवे होते.

आणि हे अटळ होते असेही नाही. ह्याच सह्याद्रीत, पोटापाण्यासाठी नव्हे तर मनाच्या शांततेसाठी गर्दीपासून दूर राहायला गेलेले पहिले लोक बौद्ध भिक्षू होते. भाजे, कार्ले, बेडसे, कान्हेरी ही त्यांची वर्षावासाची घरे. तिथेही कातळात पाण्याची टाकी आहेत. शिलालेखांत त्यांना 'पोढी' म्हटले आहे आणि ती कोणी दान दिली ते कोरले आहे. कान्हेरीला कल्याणच्या एका सोनाराने पाण्याची पोढी दिल्याचा लेख आहे. टाके खोदून देणाऱ्याचे नाव आणि धंदा दगडात राहिला. वाटसरूला जात विचारणारा शिपाई त्या लेखांत नाही. आजचा पदभ्रमण करणारा ह्याच लेण्यांत पावसापासून आडोसा घेतो, पोहे खातो, छायाचित्र काढतो आणि पुढच्या 'पॉइंट'कडे जातो. मीही एकदा खाल्ले आहेत, पोह्यांविषयी माझी तक्रार नाही.

दलित आत्मकथनांतला डोंगर वेगळा का, हेही ह्यावरून समजते. दया पवारांचे धामणगाव अकोले तालुक्यातले. त्याच तालुक्यात कळसूबाई, हरिश्चंद्रगड, भंडारदरा. राज्यातले सर्वांत उंच, १६४६ मीटरचे शिखर तिथे आहे म्हणून काजव्यांच्या दिवसांत आणि पावसाळ्यात पुण्या-मुंबईच्या गाड्यांची रीघ लागते. १९७८ चे 'बलुतं' आणि ह्या गाडीतल्या लोकांच्या हातातली मार्गदर्शिका ही एकाच तालुक्याची दोन पुस्तके आहेत. एकातला माणूस दुसऱ्यात सापडत नाही. ऊर्मिला पवारांच्या 'आयदान'मध्ये कोकणातल्या डोंगरवाटांनी डोक्यावर ओझी घेऊन रत्नागिरीच्या बाजाराला जाणाऱ्या बाया आहेत. तो चढ त्यांनी कोणत्याही पदभ्रमण करणाऱ्यापेक्षा अधिक वेळा चढला असेल, पण त्याला कोणी साहस म्हटले नाही. गोनीदांच्या 'माचीवरला बुधा'कडे मात्र मी आदराने पाहतो. त्यांचा बुधा मुंबई सोडून राजमाचीच्या रानात राहायला जातो, तो आपल्या मुळाकडे परत जातो. लेखकाचे त्या माणसावर आणि रानावर खरे प्रेम आहे. माझा आक्षेप असलाच तर त्या कादंबरीच्या आजच्या वाचकावर आहे. तो स्वतःला बुधाच्या जागी ठेवतो, आणि बुधाची माची त्याला 'लोकेशन' वाटते.

इथपर्यंत लिहिलेले मी एका कार्यकर्त्या मित्राला वाचून दाखवले. तो म्हणाला, "सर, डोंगर हा आपला प्रश्नच नाही. झोपडपट्टीत पाणी नाही, वसतिगृहात जागा नाही, आणि तुम्ही हवापालट कसली घेऊन बसलात? ही भरल्या पोटाची दुखणी." त्याचा राग मला समजतो. पण तो चुकतो आहे, आणि चूक महत्त्वाची आहे. फुरसत ही भरल्या पोटाची चैन आहे, असे बाबासाहेबांनी कधीच मानले नाही. १९४५ च्या 'व्हॉट काँग्रेस अँड गांधी हॅव डन टू द अनटचेबल्स' ह्या ग्रंथात गांधीवादाचा समाचार घेताना त्यांनी यंत्राची बाजू घेतली ती कशासाठी? माणसाला राबण्यातून सुटका मिळावी, फुरसत मिळावी, कारण फुरसतीशिवाय संस्कृतीचे जीवन शक्य नाही, आणि पशू व माणूस यांतला फरक तिथेच आहे, ह्यासाठी. चरख्याकडे आणि खेड्याकडे परत चला म्हणणाऱ्यांना त्यांनी हे उत्तर दिले. तळेगाव दाभाड्याला, जिथे गोनीदांचे घर होते, तिथे बाबासाहेबांचाही बंगला होता, आज तो स्मारक म्हणून जपलेला आहे. दमलेल्या माणसाला चांगली हवा हवी असते. तेव्हा आमच्या मुलाने डोंगरावर का जावे, असे विचारणे म्हणजे पुन्हा त्याची मर्यादा ठरवून देणे आहे. फक्त ही मर्यादा ह्या वेळी आपलाच माणूस ठरवतो.

प्रश्न वेगळा आहे. एकाची फुरसत दुसऱ्याच्या खांद्यावर येते का, हा तो प्रश्न. माथेरानला मोटारींना बंदी आहे. २००३ पासून तो भाग पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित आहे. हवा स्वच्छ, गोंगाट नाही, 'कमी गर्दीचे गिरिस्थान' म्हणून त्याची कीर्ती. दस्तुरी नाक्यापासून पुढे पायी, घोड्यावर, किंवा माणसाने ओढलेल्या हातरिक्षात. लाल मातीच्या चढावर एक माणूस पुढून ओढतो, मागून दुसरा ढकलतो, आत सामानासह पाहुणा बसलेला. मोटारीला बंदी, माणसाच्या मोटार होण्याला नाही! ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने ही प्रथा मानवी प्रतिष्ठेच्या विरुद्ध आहे असे सांगून सहा महिन्यांत टप्प्याटप्प्याने बंद करायला आणि रिक्षा ओढणाऱ्यांना विजेच्या रिक्षा देऊन त्यांचे पुनर्वसन करायला सांगितले. स्वातंत्र्यानंतर अठ्ठ्याहत्तर वर्षे लागली. त्या अठ्ठ्याहत्तर वर्षांत माथेरानवर मराठीत किती ललित लेख लिहिले गेले असतील! धूळ, माकडे, मिनी ट्रेन, सनसेट पॉइंट. रिक्षा ओढणाऱ्याचा श्वास किती लेखांत ऐकू येतो, हे एखाद्या विद्यार्थ्याने मोजून पाहावे. एम. फिल.ला यापेक्षा वाईट विषय मी मंजूर केलेले आहेत.

आता मुलाची गोष्ट. २०२१ च्या हिवाळ्यात आम्ही दोघे घर पाहायला गेलो. पहिले घर त्याला आवडले. खिडकीतून कृष्णेचे खोरे, लांब धोमच्या धरणाचे पाणी. मालक सज्जन दिसला, चहा दिला. मग म्हणाला, "मूळ गाव कुठलं म्हणालात?" गावाचे नाव सांगितले. "वाईकडचे? मग तर आपलेच. त्या गावात कोणाचे तुम्ही?" मुलाने आडनाव सांगितले. मालकाने चहाचे कप उचलले आणि म्हणाला, "घरात विचारून कळवतो." दुसऱ्या ठिकाणी एजंटने आधीच सांगून टाकले, सोसायटी शुद्ध शाकाहारी आहे, उगाच तुमची गैरसोय नको. तिसऱ्या ठिकाणी भाडे एका रात्रीत वाढले. कोणी वाईट बोलले नाही. मसूरच्या गाडीवानाइतका रोखठोकपणाही आता कोणात राहिलेला नाही. त्याने निदान दुप्पट भाडे कबूल केल्यावर गाडी दिली होती. शेवटी बाजारपेठेत एका मुसलमान कुटुंबाच्या माडीवर जागा मिळाली. त्या म्हाताऱ्या मालकिणीने एकच विचारले, "बेटा, रात को देर से तो नहीं आओगे?"

विकत का घेत नाही, असे मुलाचे मित्र विचारतात. शेतजमीन घ्यायला आधी शेतकरी असल्याचा दाखला लागतो, १९४८ च्या कुळकायद्याने तशी अट आहे. ती शेतकऱ्याच्या रक्षणासाठी घातली हे खरे, पण ज्यांच्या नावावर पिढ्यान्‌पिढ्या जमीनच नव्हती त्यांच्यासमोर ती भिंत होऊन उभी राहते. आमच्याकडे होती ती वतनाची. महार वतनाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात विधेयक आणले. वतने गेली ती १९५८ च्या कायद्याने. जमीन नव्या शर्तीवर परत मिळाली, म्हणजे जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. तरी आमच्या भागात रस्त्याकडेच्या अशा कितीतरी तुकड्यांवर आज कुंपणे आणि 'रिव्हर व्ह्यू'च्या पाट्या दिसतात. ती परवानगी कोणाला, केव्हा, कशी मिळाली, हा तलाठ्याच्या दप्तरातला खरा ललित लेख आहे. दुसरीकडे सरकारने १९९६ साली गिरिस्थान धोरण केले, त्यातून मुळशी आणि तेव्हाच्या वेल्हे तालुक्यातल्या १८ गावांवर लवासा उभे राहिले, इटलीच्या बंदरगावाचा नमुना घेऊन. कातकऱ्यांच्या आणि शेतकऱ्यांच्या जमिनींच्या तक्रारी झाल्या, २०१० मध्ये केंद्राच्या पर्यावरण खात्याने काम थांबवले, २०१८ मध्ये प्रकरण दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणात गेले. त्यानंतर आता सातारा, जावळी, पाटण तालुक्यांतल्या २३५ गावांवर 'नवीन महाबळेश्वर'ची आखणी निघाली आहे. महाबळेश्वरला गर्दी झाली म्हणून! ज्या भागातून कोयनेच्या धरणाने माणसे एकदा उठवली, त्याच भागात आता कमी गर्दीची जागा शिल्लक आहे, हा योगायोग समजायचा का?

गेल्या वर्षी मुलाच्या गिर्यारोहण मंडळाने एक वार्षिक अंक काढला. त्यात त्याचा लेख होता. त्याने मोठ्या हौसेने अंक माझ्या हातात दिला. मी वाचला. वाहतुकीची कोंडी होती. एका रात्रीतला निर्णय होता. धुके होते. गुराखी होता. आणि दुसऱ्या पानावर, चौथ्या ओळीत, 'अस्पर्शित' होते. घर शोधल्याचे एक अक्षर नव्हते. मालकिणीच्या जागी 'एका स्नेही कुटुंबाकडे जागा मिळाली' एवढेच. पसरणीचा घाट 'वळणावळणाचा' होता. खडी फोडणारी त्याची पणजी त्यात नव्हती.

मी त्याला विचारले तेव्हा तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "आबा, सगळीकडे तेच कशाला? ऑफिसात तेच, सोसायटीत तेच. दोराला लटकलेला असतो ना, तेव्हा वरचा माणूस फक्त 'दोर ताण' म्हणतो, आडनाव विचारत नाही. तेवढी एक जागा आहे माझी. तिथंपण मीच जात घेऊन जाऊ?"

ह्या उत्तराला माझ्याकडे उत्तर नव्हते आणि आजही पूर्ण उत्तर नाही. समीक्षक म्हणून मला दिसते की त्याच्या लेखातले मौन हे त्या सवर्ण लेखकांच्या मौनासारखे नाही. त्यांना काही लपवायचे नसते कारण त्यांना काही दिसलेलेच नसते. ह्याला दिसले आहे आणि त्याने ते बाजूला ठेवले आहे. छापल्यावर मात्र दोन्ही लेख एकसारखेच दिसतात, तिथे माझी अडचण आहे. त्याने आपले मौन उसन्या शब्दांत ठेवले. दोराला लटकलेल्या माणसाला आडनाव नसते, हे वाक्य मी मराठी गिर्यारोहण-वाङ्मयात कुठे वाचलेले नाही, आणि ते त्याने लेखात लिहिले नाही, मला स्वयंपाकघरात सांगितले.

ह्या उन्हाळ्यात मी चार दिवस त्याच्याकडे होतो. सकाळी तो मला पारसी पॉइंटवर घेऊन गेला. खाली कृष्णेचे खोरे उन्हात पांढरे पडले होते. आजी गवताचा भारा घेऊन ज्या पायवाटेने वर यायची ती कुठून यायची हे मी त्याला दाखवायचा प्रयत्न केला. झाडीमुळे नीट दिसेना. आजी ह्या कड्यावर कितीदा आली असेल, पण तिने खाली पाहून हे खोरे किती सुंदर दिसते असे म्हटल्याचे मला आठवत नाही. एकदाच ती म्हणाली होती, "वर बंगल्यात पानी मागितलं तर वतून द्यायची, वरून. गार असायचं पन." मुलाने हे पहिल्यांदाच ऐकले. त्याने मला दोनदा विचारले, वरून म्हणजे किती वरून. मी हाताने दाखवले.

घरी आल्यावर मी म्हटले, "पुढच्या अंकासाठी हे लिही. दोराचंही लिही आणि हेही लिही."

तो म्हणाला, "लिहितो, आबा. आधी टँकरवाल्याला फोन करू दे, दोन दिवस झाले, नळाला थेंब नाही."